पाणी मोजणारा

खेडच्या एसटी डेपोकडून बाजारात उतरलं की औषधांच्या एका दुकानाशेजारून लाकडी जिना वर जातो. त्या जिन्याच्या माथ्यावर, दोन खोल्यांत, ‘सिंधुतारा मरीन’ नावाच्या कंपनीची शाखा होती. मुख्य ऑफिस मुंबईला. इथलं काम एवढंच, की खाडीकाठच्या गावांतून बोटीवर जाऊ बघणाऱ्या पोरांची कागदपत्रं घ्यायची, त्यांच्या नकला मेलने मुंबईला पाठवायच्या आणि बोट ठरली की पोराला बोलावणं धाडायचं. कागद पुष्कळ लागत, पण जीव दोनच कागदांत असे. एक पासपोर्ट आणि दुसरी खलाशाची सरकारी पुस्तिका, जिला गावातलं शेंबडं पोरसुद्धा सीडीसी म्हणतं. ती हातात नसली तर पोरगा कितीही तरबेज असो, बोटीच्या शिडीवर त्याला कुणी पाय ठेवू देत नाही.

करुणा तांबे त्या शाखेत कॉम्प्युटरवर होती. पोरांना बोलावणं जायचं ते तिच्याच मेलवरून. ‘करुणा तांबे, सिंधुतारा मरीन, खेड’ एवढं खाली दिसलं की दाभोळपासून आंजर्ल्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या घरात आई माळ्यावरची बॅग खाली काढायला लावायची. करुणाचे वडील सहदेव पोफळीकडच्या एका शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. मुलीच्या सहीवर माणसं परदेशी जातात, असं ते कौतुकाने सांगत. सही नव्हे, मेल, असं ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी ते सहीच म्हणायचे.

ऑफिसात माणसं पाच. शाखाप्रमुख बेंडखळे साहेब, करुणा, फॉर्म भरणारी अलिझा, शिपाई केरू आणि आवक-जावक बघणारे गनीचाचा. केरू सोडला तर प्रत्येकाच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. गनीचाचांचा सगळ्यांत जुना. मुंबईने टाकून दिलेला, पिवळा पडलेला, सुरू करताना खाकरणारा. त्याच्यात ना कुणाचा पासपोर्ट ना कुणाचा दाखला. त्याला सगळे डबाच म्हणत, आणि चाचाही म्हणत.

गनी मुकादम तरुणपणी लाकडी गलबतांवर होते. खाडीच्या तोंडातून गलबत आत शिरताना नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, एक माणूस बसवतात. शिशाचा गोळा बांधलेली दोरी त्याने पाण्यात सोडायची, किती बुडाली ते बघायचं आणि मागच्यांना, सुकाणूवरच्या तांडेलाला, ओरडून सांगायचं. दहा-बारा वर्षं चाचांनी तेच केलं. मग मोठ्या बोटी झाल्या, गुडघे गेले, आणि साठीला टेकल्यावर वर्षावर्षाच्या कराराने ते या ऑफिसात येऊन बसले. पण सवय नाळेवरचीच राहिली.

ती ऑफिसला कशी लागली त्याची गोष्ट फार मोठी नाही. दोन हजार पाच साली एकदा बेंडखळे साहेबांना मोबाइल फुकट मिळाल्याची मेल आली आणि साहेबांचा हात माऊसवर गेला. तेवढ्यात चाचा म्हणाले, “थांबा साहेब. मलापण तीच आयलीय. माझ्या डब्यात तसा काय नाय, मी बघतो आधी.” त्यांनी उघडली. डबा खाकरला, गुरगुरला आणि मेला. केरूने त्याला मुंबईहून नवी सीडी मागवून जिवंत केलं. त्या दिवसापासून रीत पडली. अनोळखी मेल चौघांना एकदम आली की बाकीचे तिघे हात मांडीवर ठेवून बसायचे. चाचा चष्म्याची डबी टेबलावर टक् करून आपटायचे, मेल उघडायचे, तिच्यातली निळी ओळ दाबून कुठे नेते ते बघायचे आणि मग खुर्चीतूनच आरोळी द्यायचे. ठीक असेल तर “पाणी हाय, या!” आणि लबाडी असेल तर “खडक!” खडक म्हटलं की तिघांनी न उघडता पुसून टाकायची. खाली औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक दचकायचं.

“चाचा, तुम्ही आत जाता, तुमचं काही गेलं तर?” असं करुणाने एकदा विचारलं होतं.

“मी दारात उभा राहून आत डोकावतो गो. चप्पल काढीत नाय. नाव-पासवर्ड मागितला का मागे फिरायचा.”

दोन वर्षांत त्या ऑफिसाचं काडीचं नुकसान झालं नाही. पण नुकसान न होणं हे कुठल्याच रजिस्टरात लिहिलं जात नाही, त्यामुळे मुंबईला त्याचा पत्ता नव्हता.

दोन हजार सातच्या जूनमध्ये मुंबईहून संगणक विभागाचे सबनीस आले. वयाने तिशीतले, बोलायला गोड, हातात पडद्यावर चित्रं टाकायचं यंत्र. त्यांनी दुपारभर शिकवलं. बनावट मेल कशी ओळखायची, पाठवणाऱ्याचा पत्ता कसा बघायचा, भाषेतल्या चुका कशा हेरायच्या. शेवटी म्हणाले, “आता यापुढे आम्ही मधूनमधून स्वतःच बनावट मेल पाठवणार. कधी ते सांगणार नाही. जो आतली निळी ओळ दाबेल, त्याचं नाव आपोआप आमच्याकडे येईल. अशाने माणूस शहाणा होतो, हे परदेशात सिद्ध झालंय.” शाखेची सुरक्षा प्रतिनिधी म्हणून त्यांनी करुणाला नेमलं. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

चाचांनी हात वर केला. “साहेब, ओळ दाबल्याशिवाय ती खोटी हाय ता कसा कळायचा?”

“बघून, चाचा. नीट बघून.”

“वरून बघून पाण्याची खोली कळली असती तर आमाला दोरी कशाला दिली असती?”

सबनीस हसले. सगळेच हसले. करुणाही हसली, आणि पुढे कितीतरी दिवस तिला ते आपलं हसणं आठवत राहिलं.

पहिली चाचणी ऑगस्टात आली, कुरिअर अडकून पडल्याची. दुसरी दिवाळीच्या आधी, भेटवस्तूंच्या यादीची. तिसरी जानेवारीत, नव्या वर्षाच्या सुट्ट्यांची. तिन्ही वेळा तेच झालं. टक् करून डबी आपटली, ओळ दाबली गेली, आरोळी आली, “खडक!” आणि तिघांनी पुसून टाकली. तिन्ही वेळा मुंबईच्या यादीत खेडहून एकच नाव गेलं.

दुसऱ्या चाचणीनंतर करुणा चाचांच्या टेबलापाशी जाऊन हळूच म्हणाली, “पुढची तरी उघडू नका ना चाचा. तुमचं नाव जातं.”

“मी नाय उघडली तर कोण उघडील? तू?”

“कुणीच नको.”

“कुणीतरी उघडतोच गो बाय. तो अडाणी निघाला तर?” मग त्यांनी विषय बदलला. “त्या अद्नानच्या कागदांचा बघ जरा.”

अद्नान त्यांचं शेंडेफळ. दोन मुलींच्या पाठीवर झालेला, बावीस वर्षांचा. खलाशाचं शिक्षण पुरं करून सीडीसीची वाट बघत होता. चाचांचा सगळा जीव त्याच्यात. माझ्यासारखं त्याला दोरी घेऊन पुढे बसायला नको, मोठ्या बोटीवर वरच्या मजल्यावर उभा राहू दे, एवढंच ते म्हणत. करुणाने त्यांना शब्द दिला होता, “बोट ठरली की पहिली मेल माझ्या हातची, चाचा. दुसऱ्या कुणाला पाठवू देणार नाही.”

तिसऱ्या चाचणीनंतर सबनीसांचा फोन आला. खेड शाखा पहिल्या नंबरावर होती, आणि प्रतिनिधी म्हणून करुणाला त्याचं प्रमाणपत्र मिळणार होतं. चौघांपैकी तिघांची एकही चूक नाही, असं कुठेच झालं नव्हतं. “फक्त तो तुमचा म्हातारा. तीनपैकी तीन. शिकवून काही उपयोग नाही त्यांना. एक तक्ता पाठवतोय, भरून द्या. करार वाढवायचा की नाही ते त्यावरून ठरेल.”

तक्ता आला. नाव, चाचण्या, चुका, आणि पुढे ‘सुरक्षित’ किंवा ‘असुरक्षित’ यांपैकी एक. शेवटी शेऱ्याचा रकाना. चौथ्या ओळीत गनी मुकादम. चुका तीन. असुरक्षित हा शब्द करुणाने टाइप केला आणि शेऱ्याच्या रकान्यात येऊन ती थांबली. मग तिने एका दमात लिहिलं: ‘गनी मुकादम हे सर्वांच्या आधी स्वतःच्या रिकाम्या कॉम्प्युटरवर मेल उघडून इतरांना सावध करतात. या शाखेत बाकी कुणाची चूक होत नाही, याचं कारण ते आहेत.’

लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं. तिने बेंडखळे साहेबांना दाखवलं. साहेब माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस जेवढा चांगला असू शकतो तेवढा होता. त्यांनी वाचलं, चष्मा वर केला.

“म्हणजे आपण तिघे पास झालो ते स्वतःच्या अकलेने नव्हे, असं लिहितेयस तू.”

“खरं तेच आहे ना, साहेब.”

“खरं असेल. पण वाचणारा काय म्हणेल? शाखेने कॉपी केली. तीन चाचण्या रद्द. तुझं ते प्रमाणपत्र निघालंय म्हणे, तेही रद्द. आणि चाचांचं वाचेल असं थोडंच आहे? विचारलंय तेवढं लिही, बाकी कशाला पाल्हाळ.”

करुणा जागेवर येऊन बसली. समोर चाचा टपालावर शिक्के मारत होते. एक शिक्का, एक फुंकर. तिने दोन्ही वाक्यं निवडली आणि पुसली. शेऱ्याच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि तक्ता पाठवून दिला. कुणी बळजबरी केली नव्हती. तिला प्रमाणपत्र हवं होतं. पुढे तिने स्वतःला पुष्कळ कारणं दिली, पण खरं कारण हेच होतं, आणि ते तिला त्याच दिवशी ठाऊक होतं.

मार्चअखेर चाचांचा करार संपला आणि पुढचा आला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी डब्याचा कळफलक ओल्या फडक्याने पुसला, शिक्के केरूच्या हवाली केले, चष्म्याची डबी खिशात टाकली. त्यांच्या बायकोने, झुबेदाचाचीने, घरून वाफवलेली गोड सांदणं पाठवली होती, ती सगळ्यांनी खाल्ली. तक्त्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वय झालं, गुडघे गेले, कंपनी तरी किती दिवस ठेवील, असं ते स्वतःच म्हणत होते. जिन्याशी थांबून त्यांनी एवढंच सांगितलं, “आता आळीपाळीने एकेक जण पुढं बसा. रोज एक.”

“हो चाचा,” सगळे म्हणाले.

कुणीही बसलं नाही. उलट एप्रिलात मुंबईहून नियम आला की आलेल्या मेलविषयी एकमेकांशी बोलायचं नाही, प्रत्येकाने स्वतः ठरवायचं. डबा कोपऱ्यात गेला आणि त्याच्यावर टेबलक्लॉथ पडला. करुणाचं प्रमाणपत्र आलं. तिच्या वडिलांनी ते चिपळूणहून काचेत बसवून आणलं आणि दारासमोरच्या भिंतीवर लावलं, येणाऱ्याला आधी तेच दिसावं म्हणून.

चाचा दर सोमवारी फोन करायचे. कशी हायस, साहेब कसे हायत, आणि मग, “आमच्या पोराचा काय?” ऑक्टोबरात अद्नानची सीडीसी आली. त्याने स्वतः येऊन नकला दिल्या, करुणाने त्या मेलने मुंबईला पाठवल्या. मुंबईने कळवलं की फेब्रुवारीत एक बोट आहे, बघू. करुणाने चाचांना सांगितलं, “बहुतेक फेब्रुवारी.” फोनवर पलीकडे त्यांनी झुबेदाचाचीला हाक मारून ते सांगितलेलं तिला ऐकू आलं.

दोन हजार नऊच्या जानेवारीत, एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला तिघांना एकदम मेल आली. मुंबईच्या संगणक विभागाची. ‘सुरक्षा प्रशिक्षण, टप्पा दुसरा. आपल्या प्रमाणपत्राची मुदत संपत आहे. खालील ओळीवर जाऊन नूतनीकरण करावे.’ खाली सबनीसांचं नाव.

तिघांनीही कोपऱ्यातल्या टेबलक्लॉथकडे बघितलं. अगदी एकाच वेळी. मग अलिझा म्हणाली, “बोलायचं नाही म्हणून नियम आहे. पण उघडू का?”

“थांब,” करुणा म्हणाली. “मी प्रतिनिधी आहे. मी बघते आधी.”

तिने शिकवल्याप्रमाणे सगळं बघितलं. पत्ता बरोबर वाटला. भाषेत चूक नव्हती. खरं तर सबनीसांपेक्षा शुद्ध होती. कुरिअर नव्हतं, भेटवस्तू नव्हती, सुट्ट्यांची यादी नव्हती. तीन चाचण्यांनी तिला जे जे ओळखायला शिकवलं होतं, त्यातलं काहीच त्या मेलमध्ये नव्हतं. आणि वर तिच्या प्रमाणपत्राचं छोटं चित्र होतं. ते बघून तिला बरं वाटलं, हेही सांगायलाच हवं. तिने निळी ओळ दाबली. कंपनीचं नेहमीचं पान उघडलं. तिने नाव घातलं, पासवर्ड घातला. पान म्हणालं, ‘धन्यवाद. आपण सुरक्षित आहात.’

“आपलीच आहे, काही नाही. करा,” करुणा म्हणाली.

अलिझाने चाचांचा आवाज काढला, “पाणी हाय, या!” बेंडखळे साहेबही खो खो हसले, आणि त्या दोघांनीही ते नूतनीकरण करून टाकलं.

नऊ दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी पाचला, ऑफिस बंद करताना फोन वाजला. झुबेदाचाची होती.

“करुणा, तुमचा तो माणूस चारला येतो म्हणाला, अजून नाय आला. पोर त्या बिल्डिंगीखालीच उभा हाय. पोराचाच फोन आयला होता.”

“कुठला माणूस, चाची? अद्नान कुठे आहे?”

“मुंबयला. तू बोलवलास ना? पासपोर्ट, सीडीसी असली घेऊन ये, नकला नको म्हणून. ती तुमच्या माणसाने घेतलीन आणि चारला बोटीवर नेतो म्हणाला.”

करुणाने फोन ठेवला. तिने पुन्हा खुर्चीत बसून कॉम्प्युटर सुरू केला. पाठवलेल्या मेलच्या खणात काही नव्हतं. ज्याने पाठवल्या त्याने पुसूनही टाकल्या होत्या. पण त्याच दुपारी आलेलं एका पोराचं उत्तर पुसायचं राहून गेलं होतं, ‘थँक्यू मॅडम, नक्की येतो,’ आणि त्याच्याखाली ते मूळ बोलावणं होतं. तिच्या मेलवरून गेलेलं, तिच्या रोजच्या भाषेत, तिच्या नावाने. नूतनीकरणाच्या त्या पानावर तिने घातलेला पासवर्ड वापरून कुणीतरी आत शिरलं होतं आणि जुन्या मेली वाचून तिची भाषा उचलली होती. अकरा पोरांना ते गेलं होतं. सहाजण मुंबईला पोचले होते. सहांचे अस्सल पासपोर्ट आणि अस्सल पुस्तिका घेऊन तो माणूस एका इमारतीच्या एका दाराने आत गेला होता आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडला होता.

पोलिसांत तक्रार झाली. दुसरी पुस्तिका मिळायला वर्ष तरी जाईल, चौकशी लांबली तर जास्तच, असं कळलं. फेब्रुवारीतली खरी बोट अद्नानसाठी ठरलीच होती. पाचव्या दिवशी तसं मुंबईचं पत्र आलं आणि ती जागा गुहागरकडच्या दुसऱ्या मुलाला गेली. त्याचं बोलावणं करुणानेच पाठवलं. खाली स्वतःचं नाव तिने एकेक अक्षर बघत टाइप केलं.

सबनीस फोनवर ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “तुम्ही तर आमच्या सगळ्यांत सुरक्षित शाखा होता.” त्यांना खरंच नवल वाटत होतं. पुढच्या महिन्यापासून चाचण्या दुप्पट करायच्या, असं ठरलं.

घरी सहदेव मास्तरांनी सगळं ऐकलं. त्यांनी तिला काही बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा भिंतीवरची काच खाली उतरवलेली होती आणि खिळाही काढून घेतलेला होता.

रविवारी ती चाचांच्या गावी गेली. एसटी थेट खाडीपर्यंत जाते. वाटेत तिने काय बोलायचं ते चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा ते तिला खोटं वाटलं. घर तिने आधी पाहिलेलं होतं, एका ईदला सगळं ऑफिस जेवायला आलं होतं तेव्हा. चाचा पडवीत खुर्चीवर बसले होते. आत अद्नान होता. त्याने दारातून तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि तो तिथेच चौकटीला टेकून उभा राहिला. प्रवासाची बॅग अजून पडवीतच होती, कुलूप लावलेली.

“ये गो बाय,” चाचा म्हणाले. “उन्हाची कशाला आयलीस? बस.”

ती बसली. झुबेदाचाची पाणी ठेवून आत गेली.

“चाचा, मी उघडली ती मेल.”

“व्हय, कळला. साहेबांनी सांगितला.” आणि त्यांनी विचारलं, “डब्यावर उघडलीस का तुझ्या कॉम्प्युटरवर?”

“माझ्या.”

“पासवर्ड घातलास?”

“हो.”

“आणि मग मागच्यांना काय सांगितलास?”

“पाणी आहे, या. त्याच अर्थाचं.”

चाचांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या हातातली चष्म्याची डबी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग ते म्हणाले, “चूक होते. माझीपण झालेली. दाभोळच्या तोंडाशी गलबत रुतवला होता मी. दोन दिवस रुतलेला. तांडेल मला काय बोलला नाय, तेचाच मला जास्त त्रास झाला. म्हणून तुला सांगतो, तुझी चूक हाय. पण निम्मी माझी हाय.”

“तुमची कशी?”

“मंगळवारी ह्याला ती मेल आयली तेवा ह्याने मला बाजारातल्या इंटरनेटवाल्याकडे नेला. म्हणाला, अब्बा, एकदा बघा, नकलाच घेतात, असली कागद कधी मागत नायत, आताच कशी मागितली? पोराला शंका आयली होती.” त्यांनी दाराकडे बघितलं नाही. “मी विचारला, खाली नाव कुणाचा? हा म्हणाला, करुणा तांबे. मी म्हटला, मग बघायचा काय त्याच्यात? तिने मला शब्द दिलेला हाय. जा तू.”

साऱ्या जगाच्या मेली या माणसाने दारात उभं राहून तपासल्या होत्या, आणि एकीपाशी चप्पल काढून सरळ आत गेला होता, कारण ती आपली होती. करुणाला रडू फुटलं. तिने ते आवरलं नाही.

“रडू नको. रडून काय मिळणार हाय?”

“ते नाही चाचा. मला दुसरंच सांगायचंय.” तिने पदराने तोंड पुसलं. “तुमचा करार वयामुळे नाही गेला. त्या चाचण्यांमुळे गेला. तक्ता मी भरला होता. तुमच्या नावापुढे असुरक्षित असं मीच लिहिलं. मी आधी तुमच्याबद्दल खरं लिहिलं होतं, आणि मग पुसलं.”

चाचा पुढे वाकले. “खरा काय लिहिला होतास?”

ते तिला तोंडपाठ होतं. त्या दिवसापासून ते तिच्या डोक्यातून गेलंच नव्हतं. तिने सांगितलं, “गनी मुकादम हे सर्वांच्या आधी स्वतःच्या रिकाम्या कॉम्प्युटरवर मेल उघडून इतरांना सावध करतात. या शाखेत बाकी कुणाची चूक होत नाही, याचं कारण ते आहेत.”

म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू बदलला. तो चिडेल, उठून आत जाईल, असं तिला वाटलं होतं. तशी तिची तयारी होती, तिला ते हवंसुद्धा होतं. पण त्याच्या तोंडावर हसू आलं. लाजल्यासारखं, पोराचा पहिला नंबर आल्यासारखं.

“असा लिहिला होतास? ‘कारण ते आहेत’ असा?”

“हो.”

“झुबेदा!” त्यांनी आत हाक मारली. “बाहेर ये गो. ही बघ पोरगी काय सांगते. हिने माझ्याबद्दल काय लिहिला होता ऑफिसात, ता ऐक. बोल गो, परत बोल, हिला ऐकू दे.”

झुबेदाचाची सांदणाची ताटली घेऊन बाहेर आली आणि उभी राहिली. अद्नान चौकटीला टेकून खाली बघत होता. करुणाने ती दोन वाक्यं पुन्हा म्हटली, वर्गात उभं करून म्हणायला लावल्यासारखी. चाचा प्रत्येक शब्दाला मान हलवत होते.

“बघितलास?” ते बायकोला म्हणाले. “तीस वर्षां दर्यावर गेली, कोणी असा लिहून नाय दिला.”

झुबेदाचाचीने ताटली करुणापुढे ठेवली. तिला टोमणा मारायचा नव्हता, तिला कळलं नव्हतं म्हणून तिने विचारलं, “एवढा चांगला लिहिला होतास, मग पुसलास कशाला?”

करुणाला उत्तर माहीत होतं. चाचाही तिच्याकडे बघत होते, तेच हसू तोंडावर ठेवून, आणि तेही वाट बघत होते. तिने सांदणाचा तुकडा तोडला, तो हातातच धरून ती बसून राहिली.